गळकी बादली आणि घटलेला आकडा

उपग्रहावरच्या डिटेक्टरचा आकडा एकदम शून्यावर आला, तर तुम्ही काय म्हणाल? इथे कण नाहीत, असंच ना? पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांचा इतिहास याच प्रश्नापासून सुरू होतो आणि पुढची पन्नास-साठ वर्षं हा प्रश्न वेष बदलून परत येत राहतो. पट्ट्यांतले इलेक्ट्रॉन वातावरणात कसे सांडतात हे शिकायचं असेल, तर समीकरणांच्या आधी ही गोष्ट माहीत असलेली बरी.

३१ जानेवारी १९५८ ला अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ वर गेला. त्यावर आयोवा विद्यापीठातल्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाचा गायगर काउंटर होता. खालच्या उंचीवर वैश्विक किरणांचे अपेक्षित आकडे मिळत, पण फार वर गेलं की काउंटर गप्प. मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३ वर टेप रेकॉर्डर होता, त्यामुळे पूर्ण कक्षेची नोंद हाती आली. आकडा भराभर चढतो आणि मग एकदम शून्य! व्हॅन ॲलन यांचे विद्यार्थी कार्ल मॅकिलवेन यांनी प्रयोगशाळेत तशाच काउंटरवर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला. मारा फार वाढला की काउंटर गुदमरतो आणि शून्य दाखवतो. म्हणजे त्या शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नव्हता, ‘मोजता येणार नाही इतकं’ असा होता. मॅकिलवेन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडी भूमिती. पट्ट्यातला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषेभोवती गरगर फिरत उत्तर-दक्षिण हेलकावे घेतो आणि सोबत पृथ्वीभोवती सरकतही राहतो. ध्रुवांकडे क्षेत्र तीव्र होत जातं, तिथून तो माघारी फिरतो. पण त्याचा वेग क्षेत्ररेषेला जवळजवळ समांतर असेल, तर माघारी फिरण्याची जागा इतकी खाली जाते की साधारण १०० किलोमीटर उंचीवर तो हवेत आदळून संपतो. वेगाची दिशा आणि क्षेत्ररेषा यांच्यातल्या कोनाला पिच अँगल म्हणतात, आणि ज्या शंकूत शिरलेला इलेक्ट्रॉन वाचत नाही त्याला लॉस कोन. हा शंकू केवढा? पृथ्वीच्या केंद्रापासून चार त्रिज्या अंतरावर, विषुववृत्तापाशी, त्याचा कोन जेमतेम पाच अंश. त्यातले इलेक्ट्रॉन एक-दोन हेलकाव्यांत संपतात. त्यानंतरही गळती चालू राहायची, तर बाकीच्यांना कोणीतरी त्या शंकूत ढकलत राहायला हवं. कोण?

याचं अर्धं उत्तर एका अणुस्फोटाने दिलं. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटाच्या वर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटनांचा ‘स्टारफिश प्राइम’ स्फोट केला. त्यातून इलेक्ट्रॉनचा एक कृत्रिम पट्टाच तयार झाला. दुसऱ्या दिवशी सोडलेल्या टेलस्टार उपग्रहाला त्याचा फटका बसला. प्रयोग म्हणून हे भयंकरच. पण इलेक्ट्रॉन नेमके कधी भरले हे माहीत असल्यामुळे ते किती वेगाने कमी होतात हे मोजता आलं. मार्टिन वॉल्ट यांच्या गणिताप्रमाणे पृथ्वीच्या अगदी जवळच्या भागातली घट हवेच्या रेणूंशी होणाऱ्या टकरींनी समजत होती. त्याच्या वर मात्र इलेक्ट्रॉन टकरींच्या हिशेबापेक्षा फार लवकर नाहीसे होत होते.

राहिलेलं काम लहरींचं होतं. विजेतून निघणाऱ्या ‘व्हिसलर’ रेडिओ लहरी क्षेत्ररेषांच्या वाटेने दुसऱ्या गोलार्धात जातात, हे स्टोरी यांनी १९५३ मध्ये दाखवलं होतं. अशा लहरी इलेक्ट्रॉनची दिशा बदलू शकतात, ही कल्पना डंजी यांनी १९६३ मध्ये मांडली. केनेल आणि पेटशेक यांचा १९६६ चा लेख तर मूळातूनच वाचा. पट्टा फार भरला की त्यातले इलेक्ट्रॉन स्वतःच लहरींना बळ देतात आणि त्याच लहरी त्यांना शंकूत ढकलतात. चोर घरातलाच!

पण मला या सगळ्यात जास्त आवडतो तो ब्रायन ओब्रायन यांचा किस्सा. हे आयोवात व्हॅन ॲलन यांच्याकडेच होते (चंद्रावरची धूळ मोजणारं अपोलोचं उपकरण पुढे यांनीच बनवलं). तेव्हाचं सोपं चित्र गळक्या बादलीचं होतं. पट्टा म्हणजे बादली, भोकातून गळणारे इलेक्ट्रॉन म्हणजे वातावरणात पडणारे. ओब्रायन यांनी इंजुन उपग्रहांवरून अडकलेले आणि सांडणारे असे दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच वेळी मोजले. बादली खरी असेल तर गळती वाढल्यावर पातळी खाली जायला हवी. झालं उलटंच: सांडणं वाढे तेव्हा अडकलेल्यांची संख्याही वाढे. म्हणजे कुठून तरी नवा भरणा होत होता आणि सांडणं हा त्याचाच एक भाग होता. बादलीच्या जागी त्यांनी शिंतोडे झेलणाऱ्या भांड्याची कल्पना मांडली. बघा, त्यांनी फक्त सांडणारे इलेक्ट्रॉन मोजले असते, तर बादलीचं चित्र आणखी किती वर्षं टिकलं असतं कोण जाणे.

आणि आता मॅकिलवेन परत येतात. चुंबकीय वादळात बाहेरच्या पट्ट्यातला आकडा कोसळतो. इलेक्ट्रॉन सांडले? १९६६ मध्ये मॅकिलवेन यांनी दाखवलं की वादळात वाढणारा वलयप्रवाह आतलं चुंबकीय क्षेत्र कमी करतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन बाहेर सरकतात आणि त्यांची ऊर्जा घटते. डिटेक्टर ठरावीक जागी, ठरावीक ऊर्जेचेच मोजत असतो, म्हणून त्याला ते ‘दिसत’ नाहीत. वादळ ओसरलं की ते परत जागेवर. एकही इलेक्ट्रॉन न गमावता आकडा पडू शकतो!

तरी खरी घट होतेच. २००३ मध्ये रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी १९८९ ते २००० मधली २७६ वादळं तपासली. साधारण निम्म्या वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले, जवळपास पाचव्या हिश्शात घटले, उरलेल्यांत फारसा फरक नाही. वादळ एकाच वेळी भरतं आणि रिकामंही करतं, हाती येते ती फक्त वजाबाकी. बरं, रिकामं होतं ते तरी कुठे? ६ जानेवारी २०११ च्या घटनेत टर्नर आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की बहुतांश इलेक्ट्रॉन वातावरणात पडलेच नाहीत, चुंबकावरणाच्या बाहेरच्या सीमेतून निसटले.

त्यामुळे ‘वातावरणात पडले’ असं लिहायचं तर पडताना पाहायला हवेत. रॉबिन मिलन यांच्या नेतृत्वाखालच्या ‘बॅरल’ मोहिमेने २०१३ आणि २०१४ मध्ये अंटार्क्टिकातून बलून सोडले. इलेक्ट्रॉन हवेत अडवले जाताना निघणारे क्ष-किरण ते मोजत. आकडा वाढला की वर काहीतरी सांडतंय हे पक्कं. मात्र एका बलूनला आपल्या डोक्यावरचंच आभाळ दिसतं. गळती किती रुंद आणि किती वेळ हे कळायला त्यांना एका वेळी अनेक बलून हवेत तरंगत ठेवावे लागले.