शेजारच्या पोराला काय काय माहीत असतं? : टॉरची गोष्ट

आज जरा २००५-०६ सालात जाऊया. स्मार्टफोन नाही, घरात एक डेस्कटॉप आहे आणि आपली ओळख न दाखवता नेटवर फिरायचंय. आज आपण ॲप टाकतो, बटण दाबतो, संपलं. तेव्हा त्यासाठी अख्खी संध्याकाळ जायची.

आधी प्रॉक्सी म्हणजे काय ते बघू. समजा, तुम्ही स्वतः दुकानात न जाता शेजारच्या पोराला चिठ्ठी देऊन पाठवलं. दुकानदाराला पोरगा दिसला, तुम्ही नाही. झालात की निनावी! पण त्या पोराला सगळं माहीत आहे : तुम्ही कोण आणि काय मागवलं. त्याला कुणी दरडावलं तर?

हे खरंच घडलंय. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ मध्ये निनावी ईमेल पाठवायची सोय सुरू केली. खऱ्या पत्त्यांची यादी मात्र त्यांच्याच संगणकावर. १९९५ मध्ये पोलिसांमुळे त्यांना एका वापरकर्त्याचा खरा ईमेल पत्ता द्यावा लागला आणि १९९६ मध्ये त्यांनी ती सेवाच बंद केली.

यावरचा तोडगा आला अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून. एका पोराऐवजी तीन पोरं. पहिल्याला तुम्ही माहीत, तिसऱ्याला दुकान माहीत, मधल्याला दोन्ही नाही. चिठ्ठीवर कांद्यासारखे कुलूपबंद पापुद्रे. प्रत्येकानं फक्त आपला पापुद्रा सोलायचा. म्हणून नाव पडलं ‘अनियन राउटिंग’. पॉल सिव्हर्सन, रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी त्यातून टॉर उभं केलं. २००२ मध्ये ते चालू झालं, त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला झाला.

नौदलानं आपलं गुपित खुलं का केलं? साधं आहे. टॉर फक्त नौदलानंच वापरलं असतं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरला असता! लपायला गर्दी लागते. विद्यार्थी, पत्रकार, तुम्ही-आम्ही, सगळे हवेत.

आता सेटअप. टॉरच्या जोडीला प्रिव्हॉक्सी नावाचा प्रोग्रॅम टाकायचा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१, म्हणजे आपलाच संगणक, आणि पोर्ट ८११८ लिहायचा. मग प्रिव्हॉक्सीच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची, की सगळं पुढे टॉरच्या ९०५० पोर्टवर पाठव. त्या ओळीच्या शेवटी एक टिंब होतं. ते राहिलं की गाडी अडलीच!

त्याहून वाईट चूक म्हणजे जी दिसतच नाही. काही ब्राउझर पान टॉरमधून आणायचे, पण त्या साइटचा पत्ता थेट इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला विचारायचे. म्हणजे गुपचूप जायचं, पण वाट चौकात ओरडून विचारायची. प्रिव्हॉक्सी मध्ये घालायचं मोठं कारण हेच होतं.

आणि एवढं सगळं नीट केलं तरी? २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाड यानं टॉरच्या साखळीतले शेवटचे काही संगणक स्वतः चालवले. तिथून माहिती बाहेर पडताना टॉरचे पापुद्रे संपलेले असतात. त्यानं सुमारे १०० ईमेल खात्यांचे पासवर्ड जाहीर केले. त्यांत भारताचे दूतावास होते आणि आपल्या पुण्याजवळची, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसुद्धा! त्यानं टॉरचं कुलूप तोडलं नव्हतं. ईमेलची चिठ्ठीच उघडी होती; तिसऱ्या पोरानं ती फक्त वाचली.

टॉर तुम्ही *कोण* आहात ते झाकतं. तुम्ही *काय* लिहिलंय ते झाकायला वेगळं कुलूप लागतं. साइटच्या पत्त्यातलं ‘एचटीटीपीएस’ म्हणजे ते कुलूप. आणि त्या साइटवर स्वतःच्या नावानं लॉगिन केलंत, तर मग कुठलाच पापुद्रा कामाचा नाही.

२००८ पासून टॉरचा स्वतःचा ब्राउझर तयार होऊ लागला आणि ते टिंबाचं झंझट गेलं. २०१९ मध्ये तो अँड्रॉइडवरही आला. पण आपल्यातले बरेच जण फुकटचं व्हीपीएन टाकतात आणि निर्धास्त होतात. ते काय आहे? पुन्हा तोच शेजारचा एकटा पोरगा. तुम्ही कोण आणि कुठे जाता, दोन्ही त्याला ठाऊक.

तेव्हा आज रात्री ते ॲप उघडाल, तेव्हा एवढंच विचारा : चिठ्ठी नेणारा कोण आहे, आणि तो फुकटात का पळतोय?