शांघायमधील ज्यू निर्वासित

नाझी राजवटीतून निसटून १९३८ ते १९४१ या काळात चीनमधील शांघाय बंदरात आश्रयाला आलेला, सुमारे १७ ते २० हजार ज्यूंचा समुदाय. त्यांत जर्मन आणि ऑस्ट्रियन कुटुंबे बहुसंख्य होती. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर छळछावण्यांत डांबलेल्या पुरुषांची सुटका देश सोडण्याच्या अटीवर होई. त्यामुळे तिकिटांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांवर पडले. शांघायला उतरण्यासाठी सुरुवातीला व्हिसा लागत नसे; १९३७ च्या जपानी आक्रमणानंतर बंदरात पारपत्र तपासणारे कोणी उरले नव्हते. तरीही बाहेर पडण्यासाठी कोठे जाणार याचा कागद हाताशी असणे मोलाचे होते. व्हिएन्नातील चिनी वाणिज्यदूत हो फेंगशान यांनी असे व्हिसा मोठ्या संख्येने दिले.

इटालियन बंदरांतून निघालेली जहाजे सुएझ, मुंबई, कोलंबो असे थांबे घेत सुमारे चार आठवड्यांत शांघायला पोहोचत. जर्मनीतून माणशी फक्त दहा मार्क नेता येत, म्हणून नवा संसार मांडण्याचे भांडवल म्हणजे सोबत आणलेले कपडे, भांडी आणि हातातले कसब. मुंबईत भरभराटीला आलेल्या ससून घराण्यातील सर व्हिक्टर ससून यांनी आपल्या एका इमारतीत स्वागतकेंद्रासाठी जागा दिली. पुढे बहुतेक जण हाँगकौ भागात गेले. लढाईत उद्ध्वस्त झालेल्या या वस्तीत भाडे कमी होते. निर्वासितांनी पडकी घरे डागडुजी करून उभी केली, बेकऱ्या व कॅफे काढले आणि वृत्तपत्रेही चालवली. वकिलाची सनद येथे निरुपयोगी ठरली, तर शिवणकाम, विणकाम व पाककला यांवर अनेक घरे तगली. ज्यांना हे जमले नाही ते ‘हाइम’ नावाच्या सामुदायिक निवासांत, एका दालनात अनेक कुटुंबे दाटून, लंगरातल्या जेवणावर राहत. होरेस कदूरी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शाळा मुलांना इंग्रजीतून शिकवी. परक्या शहरात मुलांचा दिवस नियमित ठेवणारी ही शाळा पालकांसाठी शिक्षणाहून बरेच काही होती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान-अमेरिका युद्ध पेटले आणि अमेरिकी ज्यूंची मदत आटली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी जपानी अधिकाऱ्यांनी १९३७ नंतर आलेल्या ‘राष्ट्रहीन’ निर्वासितांना तीन महिन्यांत हाँगकौतील ठरावीक क्षेत्रात जाण्याचा हुकूम काढला. भोवती भिंत नव्हती; पण बाहेर पडायला पास लागे आणि बाहेरचा रोजगार बुडाला. गरीब चिनी शेजारीही त्याच गल्ल्यांत उपासमार व रोगराई सोसत होते. १७ जुलै १९४५ च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात सुमारे ३० ते ४० निर्वासित मारले गेले. मृत चिनी रहिवाशांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. निर्वासित डॉक्टरांनी दोन्ही समाजांच्या जखमींवर उपचार केले.

युद्ध संपल्यावर युरोपात मागे राहिलेल्या नातलगांच्या हत्येच्या बातम्या पोहोचल्या आणि परतण्याची ओढ बहुतेकांत उरली नाही. पुढील काही वर्षांत ही कुटुंबे अमेरिका, ऑस्ट्रेलिया व इस्राएल येथे विखुरली. हाँगकौतील ओहेल मोशे या सिनेगॉगमध्ये आता त्यांच्या स्मृतींचे संग्रहालय आहे.