ज्या बाळांना दूध मानवत नाही

धर्मग्रामातील एखाद्या घरी पाळणा हलतो. बाप्तिस्म्याची तारीख ठरते, आमंत्रणे जातात, आणि अशातच बाळंतिणीला पान्हा पुरेनासा होतो. वरचे दूध सुरू केले जाते. चारआठ दिवस बरे जातात. मग बाळ दूध ओकू लागते, अंगावर गांधी उठतात, शौचात रक्ताची रेघ दिसते आणि रात्रभर रडणे थांबत नाही. आजी म्हणते दृष्ट लागली. शेजारीण म्हणते डबा बदला. तिसरी कुणी शेळीचे दूध सुचवते. चौथी मात्र हळूच आईकडे बोट दाखवते: हिनेच काहीतरी पथ्य मोडले असणार. अशी घरे आमच्या पाहण्यात आली आहेत. ज्या दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो तेच आपल्या बाळाला विष व्हावे, याचा उलगडा त्या आईला होत नाही आणि ती आपला दोष शोधत बसते.

हा उलगडा करण्यास मानवजातीला फार काळ लागला. त्या काळाचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण इतिहास समजला म्हणजे निदान त्या आईवरचा आळ तरी दूर होतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दूध न मानवण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे आहेत. पहिल्यात दुधातील साखर पचत नाही. हा त्रास बहुधा मोठेपणी होतो, किंवा जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस राहतो. दुसऱ्यात दुधातील प्रथिनांनाच शरीर शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध उठते. गाईच्या दुधातील केसीन हे प्रथिन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुसरे, ही या भांडणाची मुख्य कारणे होत. पैकी दुसरे प्रथिन मानवी स्त्रीच्या दुधात मुळीच तयार होत नाही. आम्ही येथे बोलत आहोत ते या दुसऱ्या प्रकाराविषयी. तान्ह्या मुलांमध्ये त्याचे प्रमाण शंभरात एक ते तीन असे साधारणपणे सांगितले जाते. म्हणजे मोठ्या धर्मग्रामात दरवर्षी असे एखादे बाळ जन्मास येतेच.

जुन्या काळी आईचे दूध नसेल तर दुसऱ्या स्त्रीचे दूध, हाच खात्रीचा उपाय होता. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी 1445 साली टाकून दिलेल्या मुलांसाठी एक आश्रम उघडला. हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचे नाव त्याला देण्यात आले. तेथे येणारी तान्ही मुले दूधआयांच्या हवाली केली जात. पुष्कळांना खेड्यांतल्या दूधआयांकडे पाठवीत. पॅरिसमध्ये 1638 साली संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईज द मारियाक यांनी अशाच अनाथ अर्भकांचे काम हाती घेतले. आपल्या धर्मग्रामांतून ज्यांच्या नावाची संस्था गरिबांच्या घरी जाते, तेच हे संत. अशा आश्रमांतील सेवकांना एक कटू सत्य रोज दिसे: दूधआई मिळाली तर मूल जगण्याची आशा, न मिळाली तर बहुधा मृत्यू.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने या प्रश्नात हात घातला. 1838 साली जर्मनीतील योहान फ्रान्झ सिमोन यांनी स्त्रीचे दूध आणि गाईचे दूध यांचे पृथक्करण करून दोहोंतील प्रथिनांच्या प्रमाणात मोठा फरक आहे हे दाखविले. आजच्या मोजणीनुसार शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे 3.3 ग्रॅम प्रथिने असतात, तर आईच्या दुधात जेमतेम 1 ग्रॅम. पुढे 1860 नंतरच्या दशकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे बालान्न निघाले आणि 1867 मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हेव्ही गावी हेन्री नेस्ले यांनी दूध, गहू व साखर यांचे पीठ विकावयास काढले. डब्याचे युग सुरू झाले. परंतु गाईच्या दुधात पाणी घालून आणि साखर मिसळून ते कितीही आईच्या दुधासारखे केले, तरी प्रथिने गाईचीच राहिली.

याच काळात पॅरिसच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात एक विलक्षण प्रयोग झाला. संत व्हिन्सेंट यांच्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या त्या रुग्णालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तेथे जन्मतःच उपदंशाने पीडित अशी अर्भके येत. त्यांना दूधआईकडे देणे शक्य नव्हते, कारण रोग तिलाही लागे. तेव्हा डॉ. पारो यांनी 1881 साली रुग्णालयाला लागून तबेला बांधविला आणि बाळांना थेट जनावरांच्या आचळाला लावण्यास सुरुवात केली. सहा महिन्यांचा जो हिशेब नोंदला गेला तो असा: बाटलीने गाईचे दूध दिलेल्या 6 मुलांपैकी 1 वाचले, शेळीला लावलेल्या 42 पैकी 8 वाचली, गाढविणीला लावलेल्या 38 पैकी 28 वाचली. ही मुले ॲलर्जीची नव्हती, हे ध्यानात ठेवावयास हवे; त्यांचे दुखणे वेगळे होते. पण सगळी दुधे सारखी नसतात, आणि जे दूध अधिक पौष्टिक म्हणून नावाजलेले तेच दुबळ्या बाळाला सर्वांत जड जाऊ शकते, हा धडा त्या तबेल्याने दिला. गाढविणीच्या दुधात केसीन थोडे असते. आपल्याकडेही गाढविणीचे दूध बाळांना पाजण्याची जुनी चाल होती. तिला हसण्यापूर्वी हा हिशेब आठवावा.

मात्र एखाद्या बाळाला गाईचे दूध का बाधते, याचे उत्तर अजून मिळावयाचे होते. 1905 साली बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ हाइनरिख फिंकेलश्टाइन यांनी गाईच्या दुधामुळे दगावलेल्या अर्भकाची हकिकत प्रसिद्ध केली. दूध नासके नव्हते, बाटली अस्वच्छ नव्हती. दूधच त्या जिवाला सोसवले नव्हते. दुसऱ्याच वर्षी, 1906 मध्ये, व्हिएन्नाचे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी या प्रकाराला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. पिर्के यांचे चरित्र आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. तरुणपणी त्यांनी इन्सब्रुक येथे ईशज्ञानाचा आणि लूव्हेन येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. नंतर ते वैद्यकाकडे वळले. घटसर्पाचे प्रतिविष (सीरम) टोचलेल्या मुलांकडे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की, जी गोष्ट एकाला तारते तीच दुसऱ्याच्या शरीरात निराळीच प्रतिक्रिया उठवते. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी ऑस्ट्रियन मुलांना अन्न पोहोचविण्याच्या अमेरिकन मदतकार्याची धुराही त्यांनी वाहिली.

त्याच व्हिएन्नात पिर्के यांचे वरिष्ठ डॉ. थिओडोर एशेरिख यांनी 1909 साली स्त्रियांचे दूध साठवून गरजू बाळांना देणारी जगातील पहिली दुग्धपेढी सुरू केली. दूधआईची जुनी प्रथा अशा रीतीने शास्त्राच्या उंबऱ्यातून आत आली.

परंतु पेढीचे दूध किती बाळांना पुरणार? पर्याय वनस्पतीत शोधण्यात आला. 1909 मध्येच अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. जॉन रूरा यांनी सोयाबीनच्या पिठाचा बालाहारात उपयोग केल्याचे लिहिले. चीनमध्ये तर सोयाबीनचे दूध घरोघरी ठाऊक होते. 1928 साली पेकिंगचे डॉ. अर्नेस्ट त्सो यांनी आठ महिने सोयाबीनच्या दुधावर वाढविलेल्या एका बाळाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नुसते सोयाबीन पुरत नव्हते. कॅल्शियम, कॉड माशाचे तेल आणि कोबीचे पाणी यांची जोड त्याला द्यावी लागे. 1929 मध्ये बॉस्टनच्या हिल आणि स्टुअर्ट या डॉक्टरांनी दूध न मानवणाऱ्या बाळांसाठीच सोयाबीनचे अन्न सिद्ध केले.

दुसरी वाट निघाली ती अधिक सूक्ष्म होती. गाईच्या प्रथिनावर शरीर उठते, तर त्या प्रथिनाची ओळखच पुसून टाकावी. केसीनचे एन्झाइमांनी बारीक तुकडे केले की बहुतेक बाळांचे शरीर त्याला ओळखत नाही. असे पहिले दूध 1942 साली अमेरिकेत बाजारात आले. त्याची चव कडवट, वास उग्र; पण कित्येक अर्भकांचे रडणे त्याने थांबविले. त्याच वर्षी फिंकेलश्टाइन यांचे निधन झाले. ते ज्यू होते; नाझींच्या छळामुळे मायदेश सोडून चिलीला गेलेले.

येथे हा इतिहास सुखान्त झाला असता, तर बरे झाले असते. तसे घडले नाही. ज्या बाळाला दुसरे काहीच चालत नाही, त्याच्या डब्यात एक कण कमी पडला तरी त्याची भरपाई दुसरीकडून होत नाही. केवळ सोयाबीनवर वाढलेल्या काही मुलांना गलगंड झाल्याचे 1959 च्या सुमारास दिसले आणि त्या दुधात आयोडीन घालण्यात येऊ लागले. 1978 मध्ये अमेरिकेतील सिंटेक्स कंपनीने जास्त मीठ बाळांना वाईट, या सद्हेतूने आपल्या सोयाबीनच्या दुधातील वरचे मीठ काढून टाकले. त्यासरशी शरीराला अत्यावश्यक असलेले क्लोराइडही कमी झाले. 1979 साली मेम्फिस येथील एका बालरोगतज्ज्ञाकडे वाढ खुंटलेली बाळे आली आणि त्या सर्वांच्या पोटात एकच दूध जात असल्याचे त्याने ताडले. डबे परत घेण्यात आले. आपल्या मुलांचे नुकसान झालेल्या आया गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे 1980 मध्ये अमेरिकन संसदेने बालदुधाचा कायदा केला आणि कोणते घटक किती असावेत हे बंधनकारक ठरविले. तरीही 2003 साली इस्राएलमध्ये जर्मनीत बनविलेल्या सोयाबीनच्या दुधात बी-1 जीवनसत्त्व नसल्याने काही बालके दगावली आणि काही कायमची अपंग झाली.

आता आपल्या घराकडे वळू या. आपल्याकडे म्हशीचे दूध मुबलक. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न बनविण्याची रीत शोधली आणि आणंदच्या अमूलने ते देशभर पोहोचविले. ते कार्य मोठेच होते. परंतु गाईचे दूध न सोसणाऱ्या बाळाला म्हशीचे वा शेळीचे दूध बहुधा सोसत नाही, कारण या दुधांतील प्रथिने सख्ख्या भावंडांसारखी असतात. शिवाय शेळीच्या दुधात फोलिक ॲसिड फारच कमी. त्यावरच वाढलेल्या मुलांचे रक्त कमी होते, हे जर्मन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवले आहे. तेव्हा शेजारणीचा तो सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी तो डॉक्टरांना विचारल्यावाचून अंमलात आणू नये.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तेथील दूध प्रथम अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी अर्भकांसाठी असते. व्हिएन्नातील पेढीनंतर 80 वर्षांनी, झोपडपट्टीतल्या आयांनी दिलेल्या दुधावर परक्या बाळांचे प्राण तगू लागले. 1992 मध्ये आपल्या संसदेने बालदुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला, तोही योग्यच झाला. मात्र त्याचा अर्थ डब्याचे दूध पाजणारी प्रत्येक आई आळशी, असा करणे अन्यायाचे होय. काही बाळांसाठी तो खास डबा म्हणजेच औषध असतो, आणि तो साध्या डब्याहून कितीतरी महाग असतो.

अंगावर पिणाऱ्या बाळालाही क्वचित हा त्रास होतो, कारण आईने घेतलेल्या दुधातील प्रथिनांचा अंश तिच्या पान्ह्यात उतरतो. तेव्हा बाळाचे पिणे तोडावयाचे नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईने दूधदुभते सोडावयाचे असते. यात तिचा दोष तो कोणता? आणि दिलासा हा की, बहुतेक मुलांचे शरीर तीन ते पाच वर्षांच्या आत गाईच्या दुधाशी समेट करते.

या साऱ्या कथेत आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. जेव्हा जेव्हा पाऊल पुढे पडले, तेव्हा तेव्हा कुणीतरी नियम बाजूला ठेवून समोरच्या एका बाळाकडे नीट पाहिले होते. पारो यांनी पाहिले, फिंकेलश्टाइन यांनी पाहिले, मेम्फिसच्या त्या डॉक्टरने पाहिले. आणि त्यांच्याही आधी आईने पाहिलेले असते. म्हणून आपल्या शेजारी, आपल्या धर्मग्रामात एखादी आई ‘माझ्या बाळाला दूध मानवत नाही’ असे सांगू लागली, तर आधी तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. मग तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. आणि खास डब्याचा खर्च झेपत नसेल, तर व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधुभगिनींनी तिचे दार ठोठवावे. 1638 साली पॅरिसमध्ये त्या संतांनीही तान्ह्या मुलांचे काम हाती घेतले होते.