'जाणे' या क्रियापदाचे भविष्य

फ्रेंच व्याकरणाच्या इतिहासात एका मृत्यूची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दोमिनिक बूऊर हा जेसुइट वैयाकरण १७०२ साली पॅरिसमध्ये वारला. शुद्ध फ्रेंच कशाला म्हणावे याबाबत त्याचा अधिकार एवढा होता, की रासीनसारखा नाटककार आपली नाटके त्याच्या नजरेखालून घालीत असे. मरणशय्येवर तो म्हणे एवढेच बोलला : 'झ व्हे मुरीर' किंवा 'झ व्हा मुरीर', दोन्ही चालते. अर्थ एकच, 'मी आता मरणार आहे'. अशा अंतिम वचनांवर मागाहून कोणाचा तरी हात फिरलेला असतो, हे आम्ही जाणतो. तरीही ही कथा आम्हांला निव्वळ विनोद वाटत नाही, कारण त्या एका वाक्यात एका काळाचा सबंध इतिहास दडलेला आहे.

हा काळ म्हणजे फ्रेंचमधला निकट भविष्यकाळ. विद्यार्थ्याला तो सोपा वाटतो. 'आले' म्हणजे 'जाणे' या क्रियापदाची वर्तमानकाळाची सहा रूपे घ्यायची : झ व्हे, त्यु व्हा, इल व्हा, नू झालाँ, व्हू झाले, इल व्हाँ. त्यांपुढे मुख्य क्रियापदाचे मूळ रूप जसेच्या तसे ठेवायचे. 'शाँते' म्हणजे 'गाणे'; म्हणून 'झ व्हे शाँते', 'मी गाणार आहे'. चालवायचे ते फक्त 'जाणे'. मुख्य क्रियापद जागचे हलत नाही. नकाराचे दोन शब्दही 'जाणे'च्याच दोन्ही बाजूंना बसतात. पण या सहा रूपांकडे नीट पाहिले, तर ती एका घरची नाहीत हे लक्षात येते. 'व्हे', 'व्हा', 'व्हाँ' ही लॅटिन 'वादेरे'पासून आली. 'आलाँ', 'आले' यांच्या व्युत्पत्तीबद्दल विद्वानांत अजून वाद आहेत. आणि याच क्रियापदाच्या साध्या भविष्यकाळातले 'इरे' हे रूप 'ईरे' या तिसऱ्याच धातूचे आहे.

साधा भविष्यकाळही मुळात असाच जोडून केलेला होता, हे आपण विसरतो. लॅटिनमध्ये 'कांताबित' म्हणजे 'तो गाईल' आणि 'कांतावित' म्हणजे 'तो गायला'. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ब आणि व यांचे उच्चार एकमेकांत मिसळू लागले, तेव्हा भूत आणि भविष्य यांतले अंतर एका व्यंजनापुरतेही उरले नाही. बोलणाऱ्यांनी मग 'कांतारे हाबेओ', म्हणजे 'मला गायचे आहे', अशा रचनेचा आधार घेतला. पुढे ते दोन शब्द एकजीव होऊन 'शाँतरे' हे फ्रेंच रूप झाले. सातव्या शतकातल्या, फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत एक प्रसंग आहे. पराभूत इराणी राजा लॅटिनमध्ये 'देणार नाही' म्हणतो आणि सम्राट जस्टिनियन 'दारास', म्हणजे 'देशील', असे उत्तर देतो. या नव्या भविष्यकाळाची ही सर्वांत जुनी लिखित खूण मानली जाते. ८४२ सालच्या स्ट्रासबूरच्या शपथांत तर तो स्थिरावलेला दिसतो.

एवढे होऊनही भाषेला पुन्हा नव्या जोडणीची गरज पडली. मध्ययुगाच्या अखेरीस 'जाणे' पुढे सरसावले; पण त्याची वाट तेव्हा ठरलेली नव्हती. मध्यकालीन फ्रेंचमध्ये हीच रचना कथनात घडून गेलेल्या गोष्टीसाठीही वापरली जाई. शेजारच्या कॅटलान भाषेने तोच मार्ग धरला. तिथे आजही 'जाणे' अधिक मूळ रूप म्हणजे भूतकाळ. एकाच साहित्यातून दोन भाषांनी काळाच्या दोन विरुद्ध टोकांची घरे बांधली. १६६० मध्ये आर्नो आणि लांस्लो यांचे पोर-रोयालचे व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा लवकरच घडणाऱ्या गोष्टीचे उदाहरण म्हणून त्यांनी 'जाणे'चीच रचना दिली. फ्रेंचचा कौल तोवर भविष्याकडे झुकला होता.

मात्र 'मी जातो' हे रूपच वादात होते. १६४७ साली वोझलाने नोंदवले, की सारा दरबार 'झ व्हा' म्हणतो आणि 'झ व्हे' त्याला सहन होत नाही. ते प्रांतिक किंवा पॅरिसच्या सामान्य लोकांचे समजले जाते. आज नेमके उलटे आहे. पाठ्यपुस्तकात 'झ व्हे' आहे, आणि दरबारी 'झ व्हा' अशिष्ट ठरून लोकभाषेत आणि कॅनडातल्या फ्रेंचमध्ये उरले आहे. तक्त्यातले पहिले रूप म्हणजे एका जुन्या भांडणाचा निकाल आहे. आणि तो निकाल दरबाराच्या विरोधात गेला. ज्या रूपाला आपण आज लाल शाईने खोडतो, ते कधीकाळी राजाच्या सभेत शुद्ध होते, एवढे तरी अध्यापकांनी स्मरणात ठेवावे.

'निकट' हे नावही फसवे आहे. तीस वर्षांनंतरची गोष्टही या काळात सांगता येते. अट एवढीच, की तिची पावले आज पडू लागलेली दिसावीत. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. 'करायला गेलो एक आणि झाले भलतेच' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी कुठे गेलेले नसते. गेलेले असते ते मन. आपण मात्र 'जाणे'ला हेतूपाशीच थांबवले आणि भविष्याचे काम 'णार'कडे सोपवले.

बूऊरकडे परत येऊ. 'मी मरेन' हे कोणालाही, कधीही म्हणता येते. 'झ व्हे मुरीर' म्हणणाऱ्याचे पाऊल मात्र उचललेले असते. आयुष्यभर शब्दांत निवड करीत आलेल्या त्या माणसाने, निदान कथेत तरी, अखेरच्या क्षणी निवड केली नाही. दोन्ही रूपे त्याने मागे राहणाऱ्यांच्या हवाली केली. निवाडा पुढे बोलणाऱ्यांनी केला, आणि भाषेत तो नेहमी त्यांनीच करायचा असतो.