श्वास, वाणी आणि श्रमाचे मान

व्यायाम करताना सहज बोलता येते की नाही, यावरून श्रमाची तीव्रता ठरविण्याची संभाषण-कसोटी आज शरीरक्रियाविज्ञानात मान्यता पावली आहे. ती आपल्या प्राचीन वैद्यकात पूर्वीच सांगितलेली आहे, असे विधान करण्याचा मोह अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. त्या विधानाची छाननी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम अर्ध्या बलापर्यंतच करावा असे सांगून त्याचे लक्षणही दिले आहे. व्यायाम करणाऱ्याच्या हृदयस्थानी असलेला वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे बलार्ध झाले असे समजावे. येथे श्वास हे श्रमाचे मान ठरले आहे, यात संशय नाही. परंतु या लक्षणात वाणीचा उल्लेख नाही. शिवाय व्यायाम कोठे थांबवावा, एवढेच ते सांगते. संभाषण-कसोटी ही व्यायाम चालू असतानाच वेग आवरण्यासाठी आहे.

आधुनिक कसोटीची पार्श्वभूमी निराळी आहे. १९५७ साली फिनलंडमधील कार्व्होनेन व त्यांचे सहकारी यांनी नाडीच्या गतीवरून व्यायामाची तीव्रता ठरविण्याची रीत मांडली. पण धावता धावता नाडी मोजणे सामान्य माणसास सुकर नव्हते. ऑरेगन विद्यापीठातील प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांच्याकडे संथ धावण्याची प्रथा पाहिली. पुढे हृद्रोगतज्ज्ञ हॅरिस यांच्यासह १९६७ साली लिहिलेल्या ‘जॉगिंग’ या पुस्तकातून, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावण्याचा सल्ला त्यांनी लोकप्रिय केला.

या सल्ल्याची शारीरिक उपपत्ती प्रयोगशाळेतून मिळाली. बोलताना उच्छ्वास लांबवावा लागतो. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की रक्तातील लॅक्टेट वाढते, कार्बन डायऑक्साइड अधिक निर्माण होतो आणि श्वसनाची निकड वाढून वाक्य तुटते. वॉसरमन व मॅकिलरॉय यांनी १९६४ साली हृद्रोग्यांच्या संदर्भात अशा मर्यादेची चर्चा केली होती. इ. स. २००० नंतर कार्ल फॉस्टर व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, सुखाने बोलू शकणारी व्यक्ती बहुधा या मर्यादेच्या आत असते, असे आढळले. बीटा-रोधक औषधांनी ज्यांची नाडी मंदावलेली असते, त्या रुग्णांच्या बाबतीत हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे.

सारांश, दोहोंत साम्य आहे ते श्वासाला साक्षी मानण्यात. वंशसंबंध मात्र सिद्ध होत नाही. सुश्रुताचे निरीक्षण सूक्ष्म आहे. त्याने जे सांगितले नाही ते त्याच्या माथी मारल्याने त्याचे महत्त्व वाढत नाही.