फ्लॉपी आणि सीरियल केबल : एका मार्गाचा उलटा प्रवास

जुन्या संगणकाची फ्लॉपी पीसीत वाचता येत नाही ती तिचा चुंबकीय लेप झिजल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. स्टीव्ह वॉझनियॅक यांनी ॲपल टू या संगणकासाठी सिद्ध केलेला १९७८ चा डिस्क ड्राइव्ह आणि १९८१ चा आयबीएम पीसी या दोहोंची फ्लॉपी सव्वापाच इंचीच होती. भेद होता तो लेखनपद्धतीचा. १९८० पासून रूढ झालेल्या ॲपलच्या पद्धतीत कोणत्याही संकेतात लागोपाठ दोहोंहून अधिक शून्ये येऊ देत नसत. त्यामुळे २५६ बाइटांचा मजकूर ३४२ संकेतांत पसरून लिहावा लागे. पीसीतील नियंत्रक सर्वस्वी निराळ्या पद्धतीसाठी घडविलेला असल्याने त्याला हे संकेत म्हणजे केवळ गोंगाट. मोडी कागद शाबूत असूनही केवळ बाळबोध जाणणाऱ्यापुढे तो मुका राहतो, त्यातलाच हा प्रकार होय.

तेव्हा वाचन जुन्या यंत्रानेच करावयाचे आणि वाचलेला मजकूर तारेवरून पीसीला सांगावयाचा, हाच मार्ग उरला. ही तार, म्हणजे सीरियल केबल, ज्या आरएस-२३२ या मानकानुसार चालते ते १९६० साली टेलिटाइप व मोडेम यांच्यासाठी ठरविले गेले. तिच्यावरून बिट एकामागून एक जातात. प्रत्येक बाइटाला आरंभ व अंत दर्शविणारे दोन बिट जोडले जात असल्याने ९६०० बिटांच्या वेगाने सेकंदाला ९६० बाइट पोहोचतात. ॲपलच्या फ्लॉपीची एक बाजू १,४३,३६० बाइटांची. म्हणजे सुमारे अडीच मिनिटांचे काम.

परंतु या तारेचा आधीचा उपयोग नेमका उलट दिशेचा होता, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कोलंबिया विद्यापीठातील मोठ्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या वाट्याला फार थोडी जागा येई. त्यांचे लेखन लहान संगणकांच्या फ्लॉप्यांवर उतरवून ठेवता यावे, या गरजेतून फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी १९८१ साली ‘कर्मिट’ ही संवादपद्धती रचली. (नाव एका बाहुलीच्या खेळातील बेडकाचे. विद्वत्तेचा आव नसणे हेही या पिढीचे एक लक्षण.) मजकुरातील काही चिन्हे मोठी यंत्रे आज्ञा समजून गिळून टाकीत. म्हणून कर्मिट अशा चिन्हाला छापण्याजोगे रूप देऊन त्याच्यापूर्वी एक खूण ठेवी आणि प्रत्येक पाकिटासोबत पडताळ्याची संख्या पाठवी. ती न जुळल्यास पाकीट पुन्हा मागविले जाई. त्या काळी फ्लॉपी हे आश्रयस्थान होते. पुढे तिच्यावरूनच मजकूर सोडवून आणण्याची पाळी आली.

१९९० च्या दशकात ॲपल टू साठी ‘एडीटी’ आणि नंतर ‘एडीटीप्रो’ हे प्रोग्रॅम झाले. त्यांत पेच असा की, प्रोग्रॅम जुन्या यंत्रात पोहोचविण्यास फ्लॉपी हवी आणि ती लिहिण्यास तोच प्रोग्रॅम हवा. यावरील तोड यंत्राच्या मूळ रचनेतच होती. ‘आयएन#२’ एवढे टंकित केले की ॲपल टू कळफलकाऐवजी दुसऱ्या खाचेतील सीरियल कार्डाकडे कान लावतो. मग पीसी तारेवरून अक्षरे पाठवितो आणि जुने यंत्र ती कोणी माणूस टंकित करीत आहे अशा समजुतीने स्मृतीत साठवीत जाते. प्रोग्रॅम असा अक्षरशः सांगून उतरविला जातो.

या मार्गाची मर्यादाही तेथेच आहे. यंत्र जे वाचू शकते तेवढेच तारेवरून येते. विद्यार्थ्याची टिपणे, शिक्षकाची गुणपत्रके, हौशी लेखकाचे प्रोग्रॅम साध्या ठरीव आखणीत लिहिलेले असल्यामुळे बिनबोभाट पार होतात. प्रकाशकांनी मात्र नक्कल होऊ नये म्हणून आपल्या अनेक फ्लॉप्यांची आखणी हेतुतः मोडून ठेवली होती. त्यांच्यापाशी तार थबकते. तेथे चुंबकीय बदलांचीच नोंद घेणारी ‘क्रायोफ्लक्स’सारखी उपकरणे लागतात, ती आधी नुसता ठसा उतरवून घेतात, अर्थ मागाहून लावला जातो.