शिपायाच्या कागदाचा मागोवा

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही कॅम्प नंबर सांगावा लागतो. एक ते पाच हे कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी ट्रान्झिट कॅम्पचा वारसा. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या गावाची पायाभरणी केली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. शेजारच्या अंबरनाथमध्ये पुढच्या दशकात ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. सातारा, रत्नागिरी, रायगडकडून मुंबईत पोटासाठी आलेली किती तरी कुटुंबं घराच्या शोधात अंबरनाथ-बदलापुरापर्यंत पोचली. त्यांच्यातल्या अनेक घरांत एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे: पणजोबा पलटणीत होते. कोणती पलटण, कोणतं साल, कोणता नंबर, हे मात्र सांगता येत नाही.

ते शोधायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. साध्या शिपायाचं नाव राज्यकर्त्यांनी लिहून ठेवलं ते हिशेबासाठी. त्यामुळे जिथे पैसा वाटला गेला, तिथे नाव सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

ही रीत जुनी आहे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी असत आणि हजेरी सबनीसाकडे असे. मोहिमेला निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी करावी, परतल्यावर झडती घ्यावी आणि जास्त सापडेल ते हिशेबात धरावं, ही व्यवस्था सभासदाने शिवाजी महाराजांवरच्या बखरीत नोंदवली आहे. पुढे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेने हजेरीपटाला शिस्तशीर मस्टरचं रूप दिलं. शिपायांची नावं हिशेबाच्या वहीतून दगडावर आल्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे भीमा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे आणि त्यावरूनच ते महार शिपाई होते हे ओळखता येतं.

पण पलटणी बदलत गेल्या आणि कागदाची वाट वाकडी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. स्वतः लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली. घरात फक्त ‘महार पलटण’ एवढीच आठवण असेल, तर आधी साल ठरवल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. मराठा पलटणींचंही तसंच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज तुर्कांच्या हाती पडली. १९२२ च्या फेररचनेत हे क्रमांक गेले आणि त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. त्यांतली ११०वी पलटण आज २ पॅरा म्हणून ओळखली जाते. एकाच पलटणीची तीन नावं माहीत नसतील, तर शोध पहिल्याच नावापाशी थांबतो.

म्हणून सुरुवात घरातल्या पेटीपासून करावी. पहिल्या महायुद्धातल्या सेवापदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलचीच एक ब्राँझची प्रतही होती. ती मजूर तुकड्यांतल्या आणि इतर बिनलढाऊ माणसांना मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी आलेल्यांचं डिस्चार्ज बुक असेल, तर त्यात नंबर, भरतीची तारीख, गाव-तालुका असतो. पेन्शन असेल तर पेन्शनचा आदेश क्रमांक असतो. नंबर मिळाला की रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपसाठी खडकी.

इथेही पैशाचाच नियम चालतो. पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे सविस्तर सेवाकागद सेवा संपल्यावर २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आहे. उरते ती लाँग रोलमधली, म्हणजे भरती झालेल्यांच्या नावांच्या मूळ वहीतली, नोंद. पेन्शन न मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक अनुदान देतं. त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसात काही उरलं नसलं, तरी मूळ जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नाव निघू शकतं. अंबरनाथकरांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. आजोबा ‘डिफेन्समध्ये’ होते म्हणजे ऑर्डनन्समध्ये होते, असं असेल तर ते मुलकी कर्मचारी. त्यांचा शोध रेजिमेंटकडे न घेता कारखान्याच्या सर्व्हिस बुकात आणि प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाच्या पेन्शन आदेशात घ्यावा लागतो.

जे परतलेच नाहीत, त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर आहे. तिच्यात पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही मिळतो. नावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आहे, त्यामुळे गावाच्या नावाने शोधणं बरं. मृतांबाबतचा भेदभावही विसरू नये. मेसोपोटेमियातल्या बसरा स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या. आपल्या खेड्यांत लागलेल्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके गेले, इतके मेले. साताऱ्याच्या अपशिंगेची पहिल्या महायुद्धातल्या मृतांची संख्या ४६ अशी सांगितली जाते. पंजाबात गाववार नावांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात राहिल्या आणि २०२१ पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या, म्हणून तिथल्या घरांना नावं परत मिळत आहेत.

आपल्याकडे ते काम घराघरांतूनच व्हायला हवं. पदक मोडीत किंवा जुन्या बाजारात जाण्याआधी त्याच्या कडेवरचा नंबर लिहून घ्या. डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान, मागची बाजूही, फोटो काढून ठेवा. आजीला मूळ गाव, पणजोबांच्या वडिलांचं नाव आणि पेन्शन कुठल्या कचेरीत मिळायची ते आजच विचारा. एवढं हाती असेल तर शोध सुरू करता येतो. आणि हे सांगू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत, तोवरच तो सोपा आहे.